जिद्दीच्या कौतुकाआड लपलेली जबाबदारी

मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट आता महाराष्ट्राला तोंडपाठ झाली आहे. इस्लामपूरचा एक मुलगा लष्करात दाखल होतो, बॉक्सिंगमध्ये नाव काढतो, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्याचे कंबरेखालचे शरीर कायमचे लुळे पडते, आणि ऑगस्ट १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला तो पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकतो. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४मध्ये त्यांच्या आयुष्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि जानेवारी २०२५मध्ये अर्जुन पुरस्कार. शाळेच्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत या गोष्टीचे तात्पर्य दोनच प्रकारे सांगितले जाते. पहिले, इच्छाशक्ती असेल तर माणूस काहीही करू शकतो. दुसरे, उशिरा का होईना, देशाने आपली चूक सुधारली.

ही दोन्ही तात्पर्ये मला उथळ वाटतात, आणि उथळपणापेक्षाही त्यांचा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. माझे म्हणणे असे की पेटकरांचे पदक जितके त्यांच्या जिद्दीचे, तितकेच त्या जिद्दीला पाण्यापर्यंत नेऊन पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचे आहे. ती व्यवस्था लष्कराच्या कुंपणाआत होती, कुंपणाबाहेर नव्हती. म्हणूनच पेटकरांनंतर आजवर पॅरालिंपिकच्या तलावातून भारताला दुसरे पदक मिळालेले नाही. या देशात जिद्दीचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो उपचारांचा, तलावाच्या उताराचा, प्रशिक्षकाचा आणि प्रवासखर्चाचा. सगळे श्रेय जिद्दीला देऊन टाकले की या बाकीच्या गोष्टी पुरवण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

१. पदकाआधी काय काय होते?

क्रम नीट मांडून पाहू. पेटकर लहान वयातच लष्करात गेले आणि पुढे ईएमई, म्हणजे यंत्र व विद्युत अभियांत्रिकी दलाचे जवान झाले. सैन्यात त्यांना खेळाडू म्हणून घडवले गेले. १९६४मध्ये सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी ते बॉक्सर म्हणून टोकियोला गेले होते. म्हणजे दुखापत झाली तेव्हा त्यांच्याकडे सरावाची सवय, स्पर्धेचा अनुभव आणि कमावलेले खांदे होते. मज्जारज्जूला इजा झाल्यावर लष्करी रुग्णालयात दीर्घ उपचार मिळाले आणि त्यांचाच भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते वैद्यकीय सल्ल्याने. त्यानंतर अपंगांसाठी काम करणारे माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांचा आधार मिळाला. १९६८च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये, जिथे भारताने पहिल्यांदा भाग घेतला, पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७०मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी जलतरणात सुवर्ण मिळवले आणि भालाफेक व गोळाफेकीतही पदके आणली. हायडेलबर्ग त्यानंतरचे. पोट भरायला पुण्यात टेल्को कंपनीची नोकरी मिळाली.

या साखळीतली कोणतीही एक कडी काढून पाहावी. मज्जारज्जूच्या दुखापतीत जीव वाचणे हाच पहिला प्रश्न असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण मूळ जखमेने मरत नसत. पाठीला पडणाऱ्या बेडसोअरमधून किंवा मूत्रमार्गातून पसरणाऱ्या संसर्गाने काही महिन्यांत दगावत. १९४४मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जू विभाग सुरू केला आणि ठरावीक वेळाने कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा आणि व्यायाम यांवर भर दिला, तेव्हा हे चित्र पालटू लागले. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ अपंग सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ ते. ही चळवळ वॉर्डात जन्मली, आणि तिच्या मुळाशी रात्री-अपरात्री रुग्णाची कूस बदलणारे परिचारक आहेत. पेटकरांच्या आधीही हजारो जिद्दी माणसे मज्जारज्जूच्या दुखापतीने मेली असतील. त्यांच्यात आणि पेटकरांत फरक निर्धाराचा होता असे म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

२. पाणी काय देते आणि काय मागते

पोहण्याचाच विचार का करायचा, हे समजून घेण्यासाठी शरीराकडे पाहावे लागेल. पाण्यात शरीराचे वजन उचलावे लागत नाही. जमिनीवर ज्याला खुर्चीतून पलंगावर सरकायलाही दोन हातांचा सगळा जोर लावावा लागतो, तो पाण्यात स्वतःच्या बळावर पुढे सरकू शकतो. म्हणूनच पुनर्वसनात पाण्याला इतके महत्त्व आहे. परंतु स्पर्धेत हेच पाणी कठोर होते. पाय मारता येत नाहीत. ते मागे खाली झुकतात आणि प्रत्येक वाराला अडथळा करतात. पोटाचे आणि कमरेचे स्नायू साथ देत नसतील तर शरीर सरळ रेषेत ठेवणे अवघड जाते. मग सगळा वेग खांदे आणि हात यांतून काढावा लागतो. त्या अवस्थेतले ३७.३३ सेकंद म्हणजे काय, हे पोहणाऱ्यालाच नीट कळेल.

पाण्याच्या मागण्या तिथे संपत नाहीत. पाण्याच्या काठापर्यंत चाकाची खुर्ची जायला हवी. खुर्चीतून पाण्यात उतरवायला उतार हवा, नाहीतर छोटी यारी किंवा दोन शिकलेले मदतनीस हवेत. कपडे बदलायच्या खोलीचे दार खुर्ची शिरेल इतके रुंद हवे आणि आत बसता येईल असे स्वच्छतागृह हवे. दुखापतीखालच्या भागाला संवेदना नसते, म्हणून तलावाच्या खडबडीत कडेला खरचटले तरी कळत नाही. एवढ्याशा ओरखड्याचा व्रण होऊन महिनोन्‌महिने सराव बंद पडू शकतो. शरीराचे तापमान राखण्याची ताकदही कमी झालेली असते, त्यामुळे गार पाणी इतरांपेक्षा जास्त बाधते. यातली एकही अडचण इच्छाशक्तीने सुटत नाही. ती गवंडी सोडवतो, अभियंता सोडवतो, नाहीतर अंदाजपत्रक मंजूर करणारा अधिकारी सोडवतो.

लांब पल्ल्याच्या पोहण्याकडे पाहिले तर हाच मुद्दा अधिक स्पष्ट होतो, कारण एकट्या माणसाच्या निर्धाराचे याहून मोठे प्रतीक दुसरे नाही. पुण्याचे रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून जगातल्या सात अवघड खाड्यांचे आव्हान पूर्ण केले. असे करणारे ते पहिले आशियाई. त्याआधी मुंबईचे तारानाथ शेणॉय यांनी, ऐकू येत नसताना आणि दृष्टी अधू असताना, इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. या प्रकारात पोहणाऱ्याने होडीला स्पर्श केला तर त्याचा प्रयत्न बाद होतो. तरीही होडीशिवाय कोणालाच पाण्यात उतरू देत नाहीत. भरती-ओहोटीचा हिशेब करणारा नाविक, ठरलेल्या वेळी खाणे-पिणे पुढे करणारे सोबती आणि नोंद ठेवणारा निरीक्षक असल्याखेरीज ती मोहीम मान्यच होत नाही. समुद्र पोहणारा एकट्याच्या हातांनी पार करतो, पण होडी बरोबर असते, आणि त्यामुळे त्याचा पराक्रम कमी झाला असे कोणी मानत नाही. अपंग माणसाच्या बाबतीत मात्र आपल्याला होडी दिसतच नाही, आणि ती नसली तरी खटकत नाही.

३. रिकाम्या वर्षांचा पुरावा

जिद्द हेच मुख्य कारण असते, तर १९७२नंतर पदकांचा ओघ सुरू व्हायला हवा होता, कारण आता समोर उदाहरण होते. घडले उलटेच. १९७६ आणि १९८० या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये भारताचा संघच नव्हता. १९८४मध्ये जोगिंदरसिंग बेदी आणि भीमराव केसरकर यांनी मिळून चार पदके आणली, सगळी मैदानी खेळांतली. पुढचे सुवर्ण २००४मध्ये, अथेन्सला, देवेंद्र झाझरिया यांनी भालाफेकीत मिळवले; मधे ३२ वर्षे गेली. त्या ३२ वर्षांत भारतातल्या अपंगांची इच्छाशक्ती ओसरली होती, असे कोणी गंभीरपणे म्हणेल का?

नंतरचा आलेखही तेच सांगतो. २०१६च्या रिओत चार पदके, टोकियोत १९ आणि २०२४च्या पॅरिसमध्ये २९. आठ वर्षांत लोक सातपट जिद्दी झाले नाहीत. बदलली ती परिस्थिती. ऑलिंपिक पदकांसाठीच्या केंद्रीय योजनेत पॅरा खेळाडूंना प्रशिक्षण, उपकरणे आणि परदेशी सराव यांचा खर्च मिळू लागला, रोख बक्षिसांतली तफावत कमी झाली आणि २०१६च्या अपंग हक्क कायद्याने ७ऐवजी २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. व्यवस्था बदलली की निकाल बदलतात, याचा एवढा स्वच्छ पुरावा समाजकारणात क्वचितच मिळतो.

आता त्या २९ पदकांची फोड पाहू. १७ मैदानी खेळांत, ५ बॅडमिंटनमध्ये, ४ नेमबाजीत, २ तिरंदाजीत आणि १ ज्युदोत. जलतरणात शून्य. पॅरिसमध्ये जलतरणाच्या १४१ स्पर्धा होत्या, म्हणजे मैदानी खेळांखालोखाल सर्वाधिक. भाला आणि गोळा कोणत्याही मोकळ्या मैदानावर फेकता येतो. तलाव मात्र बांधावा लागतो, चालवावा लागतो आणि चाकाच्या खुर्चीला तिथे पोहोचता यावे लागते. ज्या खेळांना बांधकाम आणि सोयी कमी लागतात तिथे आपण पुढे गेलो, आणि जिथे त्या सर्वांत जास्त लागतात तिथे १९७२मध्येच अडकून राहिलो. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरली तरी जलतरणातले भारताचे एकमेव पदक आजही पेटकरांचेच आहे. आपण याचा अभिमान म्हणून उल्लेख करतो. माझ्या मते तो आपल्या सार्वजनिक तलावांवरचा शेरा आहे.

४. खडकीत दिसणारी दुसरी शक्यता

व्यवस्था म्हणजे नेमके काय, हे पाहायला पुणेकरांना लांब जावे लागत नाही. खडकीची ओळख दारूगोळा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि युद्धस्मारक अशी सांगितली जाते. युद्धात मेलेल्यांची नावे तिथे दगडावर नीट कोरलेली आहेत. पण युद्धातून जिवंत परतलेल्या, शरीराचा अर्धा भाग गमावलेल्या माणसांसाठीही याच खडकीत काही उभे राहिले, आणि त्याची चर्चा फार कमी होते. अपंग सैनिकांना रोजगाराचे शिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७मध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत सुरू झाली आणि नंतर खडकीत आली. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र आहे. आणि १९७४मध्ये, हायडेलबर्गनंतर दोनच वर्षांनी, रेंज हिल्स भागात पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले.

या तीन संस्था एकत्र पाहिल्या की एक पूर्ण मार्ग दिसतो. आधी जीव वाचवणारे रुग्णालय, मग हाताला काम देणारे शिक्षण, आणि आयुष्यभर राहता येईल अशी जागा, जिथे खुर्ची अडत नाही, जिथे निगा राखणारी माणसे आहेत आणि जिथे खेळ हा दिनक्रमाचा भाग आहे. पॅराप्लेजिक केंद्रातल्या माजी सैनिकांनी चाकाच्या खुर्चीवरचे खेळ खेळले आहेत. ज्यांचे हातही गेले, त्यांनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली आहेत. बाहेरून पाहणारा यालाही ‘जिद्द’ म्हणून मोकळा होतो. परंतु इतक्या माणसांची जिद्द एकाच आवारात फुलते, तेव्हा त्या आवाराने काय दिले हे विचारायला हवे.

त्याच वेळी खडकी या व्यवस्थेची मर्यादाही दाखवते. आपल्याकडे मज्जारज्जूच्या दुखापतींची मोठी कारणे उंचीवरून पडणे आणि रस्ते-अपघात ही आहेत. परांचीवरून कोसळणारा बांधकाम मजूर, झाडावरून पडणारा शेतमजूर, मुंबई-पुणे रस्त्यावर दुचाकीवरून उडालेला तरुण, यांची दुखापत सैनिकाच्या दुखापतीसारखीच असते. त्यांचा मार्ग मात्र रुग्णालयातून सुटी मिळाली की संपतो. घराला उंबरा असतो, गल्लीला पायऱ्या असतात, खुर्ची मिळाली तर ती न वळणारी, आणि देखभाल करता करता बायको किंवा आई खचून जाते. त्यांच्यातला एखादा पोहू शकला असता का, हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तो तलावापर्यंत पोहोचत नाही.

५. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल की हे सगळे मांडून मी पेटकरांचा पराक्रम कमी करतो आहे. तसे नाही. व्यवस्था अनेकांना मिळाली आणि जागतिक विक्रम एकानेच केला; तो फरक त्यांचाच आहे. १९७२च्या स्पर्धा आजच्या मानाने लहान होत्या असेही कोणी म्हणेल. पण चाळीसहून अधिक देशांचे खेळाडू तिथे होते आणि त्या दिवशी त्यांच्या गटात जगात कोणीच त्यांच्याहून वेगाने पोहलेले नव्हते. माझा विरोध जिद्दीला नाही, जिद्द हेच स्पष्टीकरण मानण्याला आहे. यश जिद्दीनेच मिळते असे म्हटले की अपयश जिद्द नसल्यामुळे आले, हे न बोलताही सिद्ध होते. खाटेवर पडून असलेल्या माणसाच्या नशिबी मग शरीराच्या दुखण्यावर हा आरोपही येतो. कौतुकाची भाषा अशा रीतीने हजारोंच्या विरोधात वापरली जाते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. जिथे साधे दवाखाने धड नाहीत, तिथे तलावाला उतार आणि यारी कशाला? याला उत्तर असे की १९७२चा भारत आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता, आणि तरीही त्याच्या एका यंत्रणेने हे करून दाखवले. बांधकाम सुरू असतानाच उतार आणि रुंद दार यांची तरतूद केली तर खर्च नगण्य असतो. नंतर भिंत फोडावी लागते तेव्हा तो वाढतो. शिवाय तोच उतार गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, गर्भवती स्त्रीला आणि पाय प्लास्टरमध्ये असलेल्या मुलालाही लागतो. श्रीमंत देशांनाही हे आपोआप सुचत नाही. १९७२चे पॅरालिंपिक ऑलिंपिकच्या गावी, म्युनिकला, झाले नाही, कारण तिथल्या क्रीडाग्रामातल्या सदनिका ऑलिंपिकनंतर खासगी घरांसाठी द्यायच्या होत्या. म्हणून अपंग खेळाडू हायडेलबर्गला गेले. प्रश्न ऐपतीइतकाच प्राधान्याचा असतो, तो असा.

तिसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे: पुरस्कार आणि चित्रपट यांनी जागृती होते, मग त्यांना नावे का ठेवायची? सन्मान मिळाला याचा आनंद मलाही आहे. परंतु १९८२मध्ये पेटकरांचा अर्जुन पुरस्कारासाठीचा अर्ज नाकारला गेला आणि तोच पुरस्कार ४३ वर्षांनी मिळाला, तेव्हा चूक पूर्ण सुधारली असे म्हणता येत नाही. कारण नुकसान फक्त पेटकरांचे झाले नव्हते. पोलिओ झालेली, अपघातात पाय गमावलेली एक अख्खी पिढी, आपल्यासारखा कोणी जगज्जेता आहे हे माहीत नसतानाच वाढली. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. जाधवांचे कराड आणि पेटकरांचे इस्लामपूर एकमेकांपासून लांब नाहीत. उशिराचा सन्मान व्यक्तीला काही देतो, पण तिच्यामागून येणाऱ्यांची हुकलेली वर्षे परत देत नाही.

चौथा आक्षेप असा की लष्कराची शिस्त आणि साधने नागरी समाजात आणता येणार नाहीत. इतिहास वेगळे सांगतो. स्टोक मँडविलची सुरुवात जखमी सैनिकांपासून झाली आणि तिथली पद्धत जगभरच्या नागरी रुग्णालयांत गेली. महाराष्ट्रातही नागरी आयुष्यातून आलेले जलतरणपटू आहेत. विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेले करमाळ्याचे सुयश जाधव यांनी २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि ते पॅरालिंपिकमध्येही उतरले. दृष्टिहीन असलेल्या कांचनमाला पांडे यांनी २०१७मध्ये मेक्सिकोत जागतिक स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेत मात्र सरकारी पैसे वेळेवर न पोहोचल्याने त्यांना उसनवारी करावी लागली होती. गुणवत्ता नागरी समाजात आहेच. तिच्या बरोबर चालणारी होडी नाही.

६. मग मागायचे काय?

या युक्तिवादातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक महापालिका तलावाची तपासणी व्हावी आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस प्रवेशद्वारापासून पाण्यापर्यंत व पाण्यापासून स्वच्छतागृहापर्यंत जाऊ शकतो का, हे जाहीर करावे. मज्जारज्जूचे रुग्ण घरी पाठवताना मोठ्या सरकारी रुग्णालयांनी त्यांची नोंद जवळच्या तलावाकडे आणि फिजिओथेरपी केंद्राकडे द्यावी, म्हणजे उपचारातून खेळाकडे जाणारी जी वाट पेटकरांना मिळाली ती इतरांसाठीही उघडेल. तलावावरच्या प्रशिक्षकांना अपंग शरीराची निगा आणि स्पर्धांतले गट यांचे शिक्षण मिळावे. जिल्हा पातळीवर नियमित स्पर्धा व्हाव्यात, कारण एकाच राष्ट्रीय स्पर्धेसाठी कोणी वर्षभर पोहत राहू शकत नाही. टेल्कोने पेटकरांना दिली तशी कायमची नोकरी इतर उद्योगांनीही द्यावी. सराव रिकाम्या पोटी होत नाही. आणि खडकीच्या कुंपणाआत जे ज्ञान शतकभर साठले आहे, ते नागरी रुग्णालयांपर्यंत नेण्याची रीतसर योजना सरकारने आखावी.

पेटकरांचा आदर करण्याचे दोन मार्ग आपल्यापुढे आहेत. एक, त्यांना अद्वितीय म्हणत राहायचे आणि त्यांच्या एकटेपणाचाच गौरव करायचा. दुसरा, त्यांचे पदक एकमेव राहणार नाही अशी तजवीज करायची. पहिल्याला खर्च येत नाही, म्हणून तो आपल्याला आवडतो. दुसऱ्यासाठी तलाव दुरुस्त करावे लागतील, पैसे वेळेवर पाठवावे लागतील आणि हक्क मागणाऱ्या अपंग माणसाला प्रेरणेचा विषय मानणे सोडून नागरिक मानावे लागेल. ज्या दिवशी परांचीवरून पडलेल्या एखाद्या मजुराची मुलगी ‘माझे बाबा सकाळी पोहायला जातात’ असे सहज सांगेल आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही, त्या दिवशी हायडेलबर्गच्या सुवर्णाचे देणे आपण फेडायला सुरुवात केली असे म्हणता येईल.